तंबोरा परत आला: बर्डीतल्या कॅसेटवाल्यांकडचा अनुभव

दादाच्या ४१ कॅसेटांपैकी ३० कॅसेट नागपूरच्या बर्डीतल्या (सीताबर्डी) एका छोट्या दुकानातून संगणकावर उतरवून आणल्या, त्याबद्दल लिहिते आहे. दुकान एका माणसाचं आहे. हाताशी काम भरपूर असल्यामुळे नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून टाकत नाही. बर्डीत जुने रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारलं तर पत्ता मिळेल.

आधी या कॅसेट काय आहेत ते सांगते. माझा मोठा भाऊ १९८१ ते १९९४ या काळात नागपुरात जिथे परवानगी मिळेल तिथे गाणं टेप करायचा. बहुतेक धनतोली, महाल, रामदासपेठेतल्या घरगुती बैठकी, क्वचित सभागृहातले कार्यक्रम. नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर आणि बाहेरून जोडायचा एक माइक, एवढाच संसार. माइक सतरंजीवर कधीच ठेवायचा नाही, घडी घातलेल्या शालीवर ठेवायचा, म्हणजे तबल्याची थाप जमिनीतून माइकात शिरत नाही. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. नव्वदीच्या, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते, त्यामुळे विलंबित (संथ लयीतलं गाणं) रंगात आलं की याचे डोळे घड्याळाकडे. आमच्या जवळजवळ प्रत्येक रागात मधे पाच-सात सेकंद गायब आहेत, बाजू उलटतानाचे.

आणि विचारल्याशिवाय त्याने एकही बटण दाबलं नाही. एका बैठकीत गाणाऱ्या बाई म्हणाल्या, "आज गळा बरा नाही, आज नको." त्याने मशीन पिशवीत घातलं आणि गाणं मांडी घालून ऐकलं. कॉपी मागायला येणाऱ्यांना त्याची अट होती: विकायची नाही, आणि पुढे कोणाला दिली ते मला सांगायचं. वहीत तारीख, राग, साथीदार, पट्टी (गाण्याचा मूळ सूर), कॅसेटची जात आणि कॉपी कोणाकडे गेली, सगळं आहे. माझ्या भाच्याने ती वही पाहिली आणि सांगितलं की अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाच्या बँडने १९८४ पासून टेप करणाऱ्या रसिकांसाठी कार्यक्रमात वेगळी जागाच ठेवली होती, आणि ती माणसंही अशाच नोंदी ठेवायची: कोणता माइक, कोणतं मशीन, कॉपी मूळ टेपवरून की कॉपीवरून. आता इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर २००२ पासून अशा ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे, ज्या कलाकारांनी होकार दिला त्यांच्यापुरता. दादाला हे कळलं असतं तर फार आनंद झाला असता. तो २०२१ मध्ये गेला.

कॅसेट माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. नागपूरचे सत्तावीस उन्हाळे त्या पेटीने सोसले, त्यामुळे मी फारशी आशा धरली नव्हती. दुकानदार काकांनी (मी त्यांना काकाच म्हणते) एकेक कॅसेट उजेडात धरून पाहिली. काहींच्या आतली फेल्टची गादी गोंद वाळून गळून पडली होती. ती गादीच टेपला हेडवर (प्लेअरच्या टेप वाचणाऱ्या भागावर) दाबून धरते, ती नसेल तर आवाज येतो-जातो. तेरा कॅसेटांना स्क्रूच नव्हते, कवच चिकटवलेलं होतं. ती कवचं फोडून आतली टेप स्क्रूवाल्या नव्या कवचात बसवली. हे काम मी समोर बसून पाहिलं. टेपला त्यांनी कुठेही उघड्या बोटाने स्पर्श केला नाही.

मग खरी करामत. प्लेअरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरपेपणा बदलतो. दादाच्या मशीनचं हेड ज्या तिरपेपणाने बसलं होतं, त्याच तिरपेपणाने वाजवलं तरच टेपवरचे वरचे, बारीक आवाज पूर्ण उमटतात. काका प्रत्येक कॅसेटला, प्रत्येक बाजूला, कानाला हेडफोन लावून तो स्क्रू केसभर फिरवत होते. मला म्हणाले, "ताई, तुम्ही तबल्याच्या चाटीकडे लक्ष ठेवा." एका क्षणी चाट, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा बोल, अशी कोरून बाहेर आली, आणि तिच्यामागून तंबोऱ्याची जवारी, तारांची ती गुंजणारी झण. मला रडू आलं. घरी यूएसबीवाला स्वस्त प्लेअर आणून हे करता येईल असं वाटत असेल, तर या एका स्क्रूसाठी तरी तसं करू नका.

आता चूक. पहिल्या खेपेच्या आठ कॅसेट घेऊन मी घरी आले, रात्री दिवा मालवून लावल्या, आणि काहीतरी बिनसलेलं होतं. एका बैठकीतल्या गायिका बाईंचा आवाज स्वच्छ, फार स्वच्छ. पण त्या पोकळीत गात होत्या. तान संपली की मागे काहीच नाही, मग पाण्याखालून बुडबुडे यावेत तसा एक आवाज. ती बैठक धनतोलीत एप्रिलमध्ये झाली होती, खोलीत कूलर चालू होता, आणि काकांनी माझ्यावर उपकार म्हणून कूलरची घरघर काढून टाकली होती.

हे कसं घडलं ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी पडद्यावर दाखवलं. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी कचरा कोणता ते दाखवावं लागतं. गाणं सुरू होण्याआधीचा शांत तुकडा निवडायचा, सॉफ्टवेअर त्याचा नमुना घेतं आणि पूर्ण ध्वनिमुद्रणातून तेवढं वजा करतं. भाषणाला हे बरं चालतं. पण आपल्या मैफलीत गाण्याआधी शांतता नसतेच, तंबोरे छेडलेले असतात. काकांनी निवडलेल्या दहा सेकंदांत कूलर होता आणि तंबोराही होता. सॉफ्टवेअरने दोघांनाही कचरा मानलं.

"मी तं कूलर काढून राहिलो होतो ताई, तंबोराही गेला काय त्याच्यासंगं?" काका म्हणाले. त्यांनी हेडफोन लावून पाच मिनिटं ऐकलं, मग काही न बोलता आठही कॅसेट पुन्हा करायला घेतल्या, एक पैसा जास्त न घेता. मूळ उतरवलेल्या फाइल त्यांनी पुसल्या नव्हत्या म्हणून हे जमलं. त्यामुळे कुठेही गेलात तरी पहिलं वाक्य हे बोला: हात न लावलेली मूळ फाइल मला हवी, साफ केलेली वेगळी द्या. मी आता साफ केलेली घेतच नाही. कूलर ऐकू येतो, बाईंना पाणी विचारणारी आई ऐकू येते, माइकच्या सगळ्यात जवळचा "वा!" दादाचा आहे. ते सगळं त्या दिवशी खोलीत होतं.

पट्टीचा प्रश्न मात्र त्यांनी फार सुंदर सोडवला. टेप करताना सेल उतरलेले असले की मोटर हळू चालते, आणि मग नीट वेगाने वाजवलं की गाणं चढं आणि घाईचं ऐकू येतं. एका कॅसेटवर बाई हार्मोनियमच्या पांढरी सहाच्याही (सहावी पांढरी पट्टी) वर गात होत्या, आवाज शाळकरी मुलीसारखा. वहीत लिहिलं होतं काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, तिच्याहून खालची. काकांनी आधी टेपवर उतरलेली लाउडस्पीकरमधली विजेची गुणगुण शोधली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० वर आणली की वेग बरोबर यायला हवा. तरी सूर वरच राहिला. तेव्हा ते म्हणाले, ऐंशीच्या दशकात विजेची टंचाई, फ्रिक्वेन्सी पुष्कळदा ५० च्या खालीच असायची, या गुणगुणीवर किती विश्वास ठेवणार? ज्या घरी बैठक झाली तिथली बाजाची पेटी अजून आहे. मी जाऊन तिची काळी चार फोनवर टिपून आणली आणि त्या सुराला गाणं लावलं. गुणगुण साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास आली, आणि बाई बाईंसारख्या गाऊ लागल्या.

बाकीचं पटकन सांगते. कॅसेटमागे ३०० रुपये, कवच बदललं तर ८० वेगळे. तीन आठवडे सांगितले, सात लागले, आणि फोन उचलत नाहीत, स्वतः जावं लागतं. मुद्रणाचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवला तर नव्वदीची एक कॅसेट दीड जीबी होते. फ्लॅक या फाइलप्रकारात घेतली तर जागा बरीच वाचते आणि आवाजातलं काहीच जात नाही. एमपी३ फक्त फोनवर ऐकायला. फाइलींना नावं देताना मात्र त्यांनी राग आणि तारखा उलटसुलट केल्या होत्या. वही सोबत न्या आणि तिथेच बसून तपासा.

एक गोष्ट मला त्यांची फार आवडली. पहिल्याच दिवशी विचारलं, "हे नेटवर टाकणार काय?" कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीपासून कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे आणि तो आता ५० वर्षं टिकतो. स्वतः ऐकण्यासाठी किंवा शिकण्या-शिकवण्यासाठी टेप करणं वेगळं, जगाला वाटणं वेगळं. दादाने दिलेली एक कॉपी कोणीतरी स्वतःच्या चॅनेलचा शिक्का मारून चढवलेली मी पाहिली आहे, साथीदारांची नावंसुद्धा नव्हती. ते पाहून झालेला त्रास मी अजून विसरलेले नाही. म्हणून मी प्रत्येक कलाकाराच्या घरच्यांना आधी त्यांची फाइल पाठवते आणि विचारते. आतापर्यंत नऊ घरांनी होकार दिला, एकाने नाही म्हटलं, दोघांचं उत्तर यायचं आहे. वर ज्या बाईंबद्दल लिहिलं त्या या दोघांपैकीच, म्हणून त्यांचं नाव इथे नाही. एका तबलजींच्या मुलाने वडिलांचं वाजवणं पहिल्यांदाच ऐकलं. ते गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

उरलेल्या अकरा कॅसेट याच काकांकडे देणार आहे. तुम्ही जाणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर जा, आणि उन्हाळ्यात कॅसेट गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. मी मे महिन्यात ठेवल्या होत्या. काकांनी हात लावून पाहिलं आणि दोन तास पंख्याखाली तशाच पडू दिल्या, मग पहिली कॅसेट मशीनमध्ये घातली.