व्हेरिअॅक्स स्टँडर्ड: ऑर्केस्ट्रावाल्या गिटारिस्टसाठी रिव्ह्यू, आणि सेटिंगची कटकट कशी सोडवायची

ऑर्केस्ट्रात नाहीतर लग्नाच्या संगीतात वाजवणाऱ्या गिटारिस्टला एका संध्याकाळी काय काय लागतं बघा. एका गाण्यात साधी ॲकॉस्टिक, पुढच्यात बारा तारी, मग जुन्या हिंदी गाण्यासाठी इलेक्ट्रिक गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा स्वच्छ आवाज, लगेच डिस्टॉर्शन, आणि मध्येच सिंगर मागे वळून म्हणणार, "दादा, आज गळा बसलाय, अर्धी पट्टी खाली घ्या ना." कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो. आपण कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून वर जाऊ शकतो, खाली कसं जाणार? लाइन सिक्सची व्हेरिअॅक्स स्टँडर्ड मी ह्याच कामासाठी वापरतो आणि ह्या कामाला मला तरी दुसरी गिटार माहीत नाही. पण ही गिटार डब्यातून काढली आणि वाजवली अशी नाहीये, नीट सेटअप केला नाही तर हीच गिटार भर स्टेजवर बेसुरी वाटते आणि मग लोक मॉडेलिंगलाच, म्हणजे एकाच गिटारमधून प्रोसेसरने दुसऱ्या गिटारांचे आवाज काढण्याला, नावं ठेवतात.

आधी आत काय चालतं ते सांगतो कारण पुढचे सगळे प्रॉब्लेम त्यातूनच येतात. पहिली व्हेरिअॅक्स 2002 साली आली, 2014 मध्ये यामाहाने लाइन सिक्स कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर हे स्टँडर्ड मॉडेल आलं, म्हणून बॉडी बघितली की यामाहाची पॅसिफिकाच आठवते. तीन साधे मॅग्नेटिक पिकअप (तारेची हालचाल चुंबकाने टिपणारे, नेहमीच्या इलेक्ट्रिकसारखे) आहेतच, पण खरं काम ब्रिजमध्ये, म्हणजे तारा बॉडीवर जिथे बसतात तिथे, चालतं. प्रत्येक तारेच्या सॅडलमध्ये (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यात) वेगळा पिएझो, म्हणजे कंपनं टिपणारा सेन्सर, बसवलाय, म्हणजे सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल आतल्या प्रोसेसरकडे जातात, आणि तो ठरवतो की ही तार लेस पॉल इलेक्ट्रिकसारखी वाजवायची की मार्टिन ॲकॉस्टिकसारखी. तार वेगळी मिळते म्हणूनच तो प्रत्येक तारेचा सूरही वेगळा वर-खाली करू शकतो. एका नॉबवर मॉडेल, दुसऱ्या नॉबवर ट्यूनिंग, आणि नेहमीच्या पाच पोझिशनच्या स्विचने त्या मॉडेलमधले प्रकार.

ट्यूनिंगचा नॉब हीच माझ्यासाठी खरी गोष्ट. अर्धा खाली, एक खाली, ड्रॉप डी, डॅडगॅड, ओपन डी, बॅरिटोन (बराच खालचा सूर) अशी सगळी ट्यूनिंगं नॉब फिरवला की हजर. बोटं तीच, कॉर्डचे आकार तेच, पट्टी बदलली. फक्त लक्षात ठेवा, खरी तार जिथे आहे तिथेच आहे. घरी हळू आवाजात प्रॅक्टिस करताना तारांचा मूळ आवाज कानावर येतो आणि स्पीकरमधून अर्धा सूर खालचा, दोन्ही एकत्र ऐकलं की डोकं उठतं. गिटार बिघडलेली नाहीये, हेडफोन लावा नाहीतर आवाज वाढवा, बास.

आता सेटअप. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी ती एक चांगली साधी गिटार झाली पाहिजे, मॉडेलिंग नंतर. मॉडेलचा नॉब दाबून मॉडेलिंग बंद करा आणि फक्त मॅग्नेटिक पिकअपवर सगळं बघून घ्या. नवीन तारा टाका, दहा-शेहेचाळीस जाडीचा सेट मला बरा पडतो, आणि सेट बदलला तर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं, परत जुळवावंच लागतं. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि मोकळ्या तारेचा सूर ट्यूनरवर जुळेपर्यंत सॅडल मागेपुढे करा. हे का महत्त्वाचं, तर प्रोसेसर तुमची चूकही तशीच उचलून खाली नेतो, खऱ्या तारेत जेवढा बेसूर तेवढाच बॅरिटोनमध्येही, फक्त तिथे जास्त खुपतो. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, फार खाली ठेवू नका. वेगात वाजवायला मजा येते हे खरं, पण तार फ्रेटला घासली की पिएझोला ती खरखर मॅग्नेटिकपेक्षा जास्त ऐकू जाते, आणि सूर बदलताना प्रोसेसरला स्वच्छ सिग्नल मिळाला नाही की आवाज थरथरतो. पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड हलतं, त्यामुळे जूनमध्ये एकदा आणि हवा कोरडी झाल्यावर एकदा गिटारची मान तपासून घ्या, तिच्या आतला ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवायचा नाही.

आवाजाबद्दल माझं मत असं की ॲकॉस्टिक आणि बारा तारी मॉडेल लाइव्हमध्ये पैसे वसूल करून देतात, प्रेक्षकांत बसलेल्याला फरक कळत नाही आणि खऱ्या ॲकॉस्टिकसारखी मॉनिटरमधून शिट्टी वाजत नाही. मॉडेलच्या नॉबवरच्या प्रत्येक जागेला, म्हणजे बँकेला, नाव आहे: स्पँक म्हणजे स्ट्रॅटचं मॉडेल उत्तम, चाइममधली रिकनबॅकर तर मला फारच आवडते. रेसोच्या बँकेत एक इलेक्ट्रिक सितार आहे, जुन्या कोरल सितारवर बेतलेली, ती आपल्या सतारीच्या जवळपासही जात नाही, पण 60-70 च्या दशकातल्या गाण्यांतला तो झणझणीत रंग बरोबर देते. बँजो मी वापरत नाही. जॅझबॉक्स ठीक. आणि हो, ॲकॉस्टिक मॉडेल गिटार ॲम्पमधून ऐकून त्याला वाईट म्हणू नका, ते सरळ डीआय करून (ॲम्पशिवाय, डीआय बॉक्समधून) साउंडवाल्याकडे मिक्सरवर पाठवा. गिटार ॲम्पचा स्पीकर वरचं सगळं कापून टाकतो, मग खरी मार्टिन जोडली तरी तशीच वाजेल.

आता प्रॉब्लेम. सगळ्यात जास्त विचारला जाणारा, एक तार हळू वाजते नाहीतर वाजतच नाही. मॉडेलिंग बंद करून बघा, मॅग्नेटिकवर तार नीट वाजत असेल तर प्रश्न त्या सॅडलचा आहे. तार सैल करून सॅडलवरची घाण, घाम, गंज पुसा, तार खाचेत नीट बसलीय का बघा, मॉडेलिंग परत चालू करून सॅडलवर बोटाने हलकं टकटक करा, आवाज येत असेल तर पिएझो जिवंत आहे. मग लाइन सिक्सच्या वर्कबेंच एचडी ह्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तारेचं व्हॉल्यूम वाढवून समतोल करता येतो. टकटक केल्यावर काहीच आलं नाही तर वायर तुटली असेल किंवा पिएझो गेला, तिथे स्वतः सोल्डरिंग गन घेऊन बसू नका, वायर फार बारीक असते, हातात कसब असलेल्या रिपेअरवाल्याकडे द्या.

दुसरा प्रॉब्लेम, कॉर्ड थांबवली तरी मागे एक भलताच सूर रेंगाळतो, विशेषतः ट्यूनिंग बदललेलं असताना. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) पलीकडचा तारांचा तुकडा आणि ट्रेमोलोच्या स्प्रिंगा झंकारतात आणि पिएझो ते पकडतो. नटमागे तारांखाली कापडाची पट्टी, स्प्रिंगांत थोडा फोम, एवढ्याने भागतं. पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवण्याचा) ठोका जास्त येत असेल तर हात ब्रिजवरून जरासा पुढे घ्या, हे मात्र पूर्ण जात नाही, जड मेटल वाजवणाऱ्याने मॅग्नेटिक पिकअपच वापरावेत.

मॉडेल बदललं की आपोआप ट्यूनिंगही बदलतंय असं झालं तर ट्यूनिंगचा नॉब बघा. तो "मॉडेल"वर असेल तर त्या मॉडेलसोबत सेव्ह केलेलं ट्यूनिंग लागतं, "स्टँडर्ड"वर आणा. आणि लाइन सिक्सच्याच हेलिक्स इफेक्ट प्रोसेसरला जोडून वाजवत असाल आणि गिटारचे नॉब ऐकतच नसतील तर हेलिक्सच्या इनपुट ब्लॉकमध्ये व्हेरिअॅक्सची सेटिंग उघडा, बहुतेक वेळा प्रीसेटच मॉडेल लादत असतो. हेच नीट वापरलं तर सोन्यासारखं आहे, मुखड्याला ॲकॉस्टिक आणि सोलोला लेस पॉल एका पायाच्या दाबात मिळतं. हेलिक्स फ्लोर, रॅक आणि एलटीला ही जोडणी आहे, एचएक्स स्टॉम्पला नाही, घेताना बघून घ्या.

ही जोडणी व्हीडीआय (लाइन सिक्सची व्हेरिअॅक्ससाठीची) केबलने होते, दिसायला अगदी इंटरनेटच्या लॅन केबलसारखी, आणि चांगली लॅन केबल चालतेही. पण ती गिटारमधून काढून लॅपटॉपच्या किंवा राउटरच्या लॅन पोर्टमध्ये कधीच घालू नका, त्या तारेतून वीज जाते. कॉम्प्युटरला जोडायला वेगळा यूएसबी इंटरफेस येतो, तो हबमधून न लावता सरळ पोर्टला लावा, वर्कबेंचला गिटार दिसत नाही ह्या तक्रारी बऱ्याचदा तिथेच मिटतात. फर्मवेअर टाकताना केबल हलवायची नाही आणि लाइट जायची भीती असेल तर डेस्कटॉपवर करू नका, चार्ज असलेल्या लॅपटॉपवर करा.

साध्या केबलवर गिटार बॅटरीवर चालते, कंपनी 12 तासांपर्यंत सांगते. जॅक लावलेला ठेवला की बॅटरी उतरत राहते, म्हणून ब्रेकमध्ये केबल काढायची सवय लावा. व्हीडीआयवर वीज पेडलमधून मिळते पण त्याने बॅटरी चार्ज होत नाही, ती काढून चार्जरवरच लावावी लागते. बॅटरी संपली तरी मॅग्नेटिक पिकअप चालू राहतात, कार्यक्रम थांबत नाही, हा डिझाइनचा मोठेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो.

बाजारात आता जास्त करून सेकंड हँडच मिळेल. बघायला जाताना हेडफोन आणि छोटा ॲम्प सोबत न्या, मॉडेलिंग चालू करून सहाही तारा एकेक वाजवा, मग ट्यूनिंगचा नॉब "अर्धा खाली"वर ठेवून तेच करा, पाचही पोझिशन फिरवा. बॅटरी, तिचा चार्जर आणि यूएसबी इंटरफेस तिन्ही विकणाऱ्याकडे आहेत का ते आधी फोनवरच विचारा. इंटरफेस हरवलेला असेल तर भाव पाडून मागा, तो सुटा शोधायला फार त्रास होतो, आणि एखादी तार मेलेली असेल तर सॅडलचा स्पेअर हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.