पुदिन्याची जुडी: पाण्यात, डब्यात की फ्रीझरमध्ये?

पुदिना आणला की आधी एवढंच ठरवा: पानं कच्ची वापरायची, वाटायची की उकळायची? कुठे ठेवायचा ते त्यावरूनच ठरतं. नुसतं 'जास्त दिवस काय टिकतं' म्हणाल तर उत्तर वाळवलेला पुदिना असं येईल, आणि ताज्या पानाची जागा तो घेऊ शकत नाही.

कच्च्या पानांसाठी खरी लढत पेला आणि डबा यांच्यात आहे. पेल्यात ठेवायचा तर देठांची टोकं कापा, पाण्यात बुडतील ती पानं खुडून टाका, वरून पिशवी सैलसर घाला आणि पेला फ्रीजमध्ये ठेवा. पाणी एक-दोन दिवसांनी बदलायलाच हवं, नाहीतर देठ बुळबुळीत होतात. फ्रीजबाहेर उजेडात ठेवलेल्या देठांना बऱ्याचदा मुळं फुटतात आणि ते सरळ कुंडीत लावता येतात. पण पेला जागा अडवतो आणि धक्का लागला की कलंडतो.

म्हणून माझं मत डब्याला. जुडी सोडून काळी पडलेली पानं काढा, बाकीची न धुताच, घट्ट पिळलेल्या ओलसर सुती कापडात सैल गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. ओलावा हवेत हवा, पानांवर नको. सगळी मेख इथेच आहे. दोन दिवसांनी झाकण उघडून आतली बाजू बघा. थेंब जमलेले दिसले तर पुसून घ्या, कापड बदला. एखादं पान घडीपाशी चिकट, काळपट झालं असेल तर ते लगेच काढा, कारण सड शेजारच्या पानाला लागते. एवढं केलं की आठवडाभर तरी चिंता नाही. सफरचंद किंवा केळी जवळ ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

फ्रीझरमध्ये पानातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. बाहेर काढलेलं पान लिबलिबीत, काळसर होतं, सजावटीला अजिबात चालत नाही. पण वाटणाला, चहाला, रश्श्याला काहीच बिघडत नाही. चिरलेली पानं बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी घालून गोठवा. पाण्याच्या आवरणामुळे हवा लागत नाही. हिरवा रंग हवाच असेल तर आधी काही सेकंद उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा. पान काळं पाडणारं एन्झाइम उष्णतेने निकामी होतं. वास मात्र थोडा उतरतो.

वाळवणं मी शेवटी ठेवते. सावलीत, वाऱ्यावर वाळवा आणि पानं अख्खीच भरून ठेवा. सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं, त्यामुळे आधीच चुरडलं तर वास बरणीतच उडून जातो. वापरताना ताज्याच्या साधारण एक तृतीयांश घ्या.

रोज चार-पाचच पानं लागत असतील तर जुडी आणूच नका, कुंडी लावा. पुदिन्याचे धावते देठ भराभर पसरतात आणि बाकीच्या रोपांची जागा खातात, म्हणून कुंडी वेगळीच हवी. तोडताना नुसती पानं ओरबाडू नका. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडा, तिथून दोन नवे फुटवे येतात.