उन्हाळ्यात रस्त्यावरच्या फोटोंसाठी ३५ की ५० एमएमची लेन्स?

फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ची लेन्स आडवा सुमारे ५४ अंशांचा पट्टा पकडते, ५०ची जेमतेम ४०. फरक किरकोळ वाटतो, पण फोकसमध्ये तो भलताच जाणवतो. एफ/८ (लेन्सचं छिद्र बरंच लहान) ठेवून ३ मीटरवर हाताने फोकस लॉक केला, तर ३५वर साधारण १.९ ते ७.३ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. ५०वर फक्त २.३ ते ४.२. कारंज्यात उड्या मारणारी मुलं एवढ्याशा पट्ट्यात थांबत नाहीत. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) २००, एफ/८ आणि १/८०० सेकंदाचा शटर पुरतो. चेहरे मात्र टोपीच्या सावलीत काळे पडतात, तिथे दोन स्टॉप वाढवा, म्हणजे चौपट प्रकाश घ्या.

३५ची खोड म्हणजे कडेला उभा माणूस ताणलेला दिसतो, आणि जवळ जायला धीर लागतो. सावलीत डुलकी घेणाऱ्याला न उठवता टिपायचं तर ५०च बरी. फक्त भर दुपारी एफ/१.८चा (छिद्र खूप मोठं उघडण्याचा) मोह नको: आयएसओ १००वरही १/८००० लागतो, अनेक कॅमेरे १/४०००वरच थांबतात आणि फोटोत पांढरे कपडे जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे दिसतात. एफ/२.८ ठेवा.

एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर गणित बदलतं: तिथे ३५चीच जवळपास ५० होते, रुंद दृश्यासाठी २३ किंवा २४ घ्यावी लागते.

एकच घ्यायची तर ३५. जास्तीचं नंतर कापता येतं.