प्रश्नावली की सखोल मुलाखत? गावठाणावर प्रकल्प करणाऱ्यांसाठी

नवी मुंबईतल्या घणसोली किंवा दिवाळे गावातल्या प्रकल्पग्रस्तांवर, म्हणजे शहरासाठी जमिनी गेलेल्यांवर, समाजशास्त्राचा प्रकल्प घेतला की पहिला पेच पद्धतीचा. प्रश्नावली घेऊन घरोघर फिरायचं, की मोजक्या माणसांशी निवांत बोलायचं? या विषयापुरता माझा कौल मुलाखतीला आहे.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, आणि १९८४ च्या आंदोलनानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आता प्रश्नावलीत 'भूखंड मिळाला का?' असं विचारा. 'हो' वर खूण होईल. पण भूखंड आजोबांच्या नावावर आहे, भावांच्या वाटण्या रखडल्यात, बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्यात, हे त्या खुणेत कुठे दिसणार? पुन्हा विचारलं तरी उत्तर 'हो'च येईल. म्हणजे विश्वसनीयता आहे. पण भूखंडाचा लाभ खरंच कोणाला झाला हे मोजायचं असेल, तर वैधता नाही. शिवाय दारात बहुधा कर्ता पुरुषच बोलतो. बहिणीचं म्हणणं ऐकायला तिच्याकडे वेगळं जावं लागतं.

मात्र 'किती घरांनी भूखंड विकले?' हाच तुमचा प्रश्न असेल, तर मुलाखती कितीही रंगल्या तरी उत्तर मिळणार नाही. तिथे घरांची पूर्ण यादी आणि यादृच्छिक नमुना (चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी घरं) हवाच. १०० घरांच्या नमुन्यात टक्केवारी साधारण १० इकडे-तिकडे होऊ शकते, ४०० घरांत ५. मतदार यादी हाताशी असते, पण तिच्यात भाडेकरू बरेचदा नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या गुगल फॉर्मवरून गावाबद्दल टक्केवारी देऊ नका, कारण तो भरणारे स्वतःहून आलेले असतात.

मुलाखतीचं काम कमी वाटतं, तसं नसतं. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवून काढायला चार तास सहज जातात. दुसरी अडचण भावकीची: पहिला माणूस तुम्हाला त्याच्याच नात्यातल्या घरी नेतो आणि एकाच घराण्याची बाजू गावाची म्हणून लिहिली जाते. म्हणून सुरुवात एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन ठिकाणांहून करा: महिला बचत गट, मासळी विकणाऱ्या कोळणी, एपीएमसीत (घाऊक बाजारात) जाणारे माथाडी.

आणि अहवालात नाव बदलणं पुरेसं नाही. 'तीन भाऊ, कोर्टात दावा' एवढ्यावरून गावठाणात घर ओळखू येतं. असे तपशीलही बदला.