पत्र्याखालचा इंदू, माळवदातला इंदू : तीस वर्षे शिळ्या रोलची पारख

मुदत संपलेली फिल्म विकत घेताना आपण सगळ्यात आधी खोक्यावरची तारीख पाहतो. गेल्या वर्षभरात लातूर परिसरातील दोन ठिकाणांहून घेतलेले इंदू फिल्मचे रोल वापरून आणि घरीच धुऊन पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ती तारीख सगळ्यात शेवटी पाहावी आणि विकणाऱ्याला पहिला प्रश्न, रोल इतकी वर्षे कुठे ठेवले होते, हा विचारावा.

इंदूचे नाव ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. ऊटी येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, १९६७ पासून तिचे उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ या नावाने तिची फिल्म, फोटो छापण्याचा कागद आणि दवाखान्यांतील एक्स-रे फिल्म देशभर जाऊ लागली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात कंपनी आजारी ठरली आणि पुढे ती बंदच झाली. त्यामुळे आज हाती लागणारा इंदूचा रोल मुदतीतला असेल, अशी आशाच करू नये. माझ्याकडचे सगळे रोल कृष्णधवल, १२५ एएसएचे (एएसए म्हणजे फिल्म प्रकाश किती चटकन टिपते, म्हणजेच तिचा वेग, याचे माप) आणि १२० आकाराचे, म्हणजे यशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात बारा चौकोनी फोटो देणारे होते.

पहिले बारा रोल लातूरमधील एका बंद पडलेल्या स्टुडिओतून, शंभर रुपयांना एक या भावाने घेतले. खोक्यांवर जून १९९६ ही मुदत होती, खोकी कोरी करकरीत होती, आतली वेष्टने शाबूत होती, आणि विकणाऱ्या गृहस्थांनी माल कायम थंड जागेत होता असे छातीठोकपणे सांगितले. पैसे दिल्यानंतर सामान उतरवून घ्यायला मी शिडीवर चढलो, तेव्हा ती थंड जागा म्हणजे पत्र्यांखालचा लाकडी माळा असल्याचे कळले. त्या वेळी सकाळचे अकरा वाजले होते आणि पत्र्याला हात लावून ठेवता येत नव्हता. तीस उन्हाळे त्या माळ्यावर काढलेल्या फिल्मला थंड जागेतली म्हणणे ही सरळ फसवणूक होती, परंतु व्यवहार झालेला असल्यामुळे मी गप्प बसलो.

दुसरे दहा रोल औसा तालुक्यातील एका खेड्यात, लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा सोडून शेतीकडे वळलेल्या एका वयस्कर छायाचित्रकारांकडून प्रत्येकी दीडशे रुपयांना घेतले. मुदत मार्च १९९४, म्हणजे पहिल्यांपेक्षा दोन वर्षे अधिक शिळे. खोकी कळकट झालेली आणि एकाचा कोपरा उंदराने कुरतडलेला होता. मी तारखेवरून भाव पाडून मागितला, तेव्हा ते म्हणाले, “तारखेचं काय घेऊन बसलाव, सर? रोल कुठं होता ते इचारा.” रोल त्यांच्या माळवदाच्या घरातील बळदात, ज्वारीच्या पोत्यांमागे, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते. दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे जाड छत असल्यामुळे मे महिन्यातही त्या खोलीत गेल्यावर अंगावरचा घाम निवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच जड छतांखाली माणसे गाडली गेली आणि या भागाने माळवदाचा कायमचा धसका घेतला. ज्या थोड्या घरांत लोक तरीही राहिले, त्यांपैकीच हे एक घर.

फिल्म शिळी होते म्हणजे काय होते, हे लक्षात घेतले की या दोन ठेवींतील फरकाचे नवल वाटत नाही. जिलेटिनच्या थरात असलेले चांदीच्या क्षारांचे कण प्रकाश न लागताही उष्णतेने आणि आसमंतातील किरणोत्साराने हळूहळू बिघडतात. त्यांतील काही कण प्रकाश पडल्यासारखे वागू लागतात आणि धुतल्यावर काळे होतात. यालाच स्टुडिओतील लोक फॉग म्हणतात. उरलेले कण मंद होतात, म्हणजे फिल्मचा वेग घटतो. दर दहा वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश वाढवावा, असा एक ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. त्या हिशेबाने १२५ चा रोल तीस वर्षांनी १६ एएसए समजून वापरायला हवा, म्हणजे लख्ख उन्हात भिंगाचे छिद्र एफ १६ आणि शटर १/१२५ सेकंद याऐवजी एफ ८ आणि १/६० ठेवायला हवे. हा ठोकताळा फिल्म कुठे होती हे विचारातच घेत नाही, आणि मराठवाड्यात तेच तर निर्णायक आहे.

कॅमेऱ्यात रोल भरण्याआधी प्रत्येक ठेवीतला एकेक रोल मी फॉगच्या चाचणीसाठी बळी दिला. अंधारात त्याचा बोटभर लांबीचा तुकडा कापला, त्याचे दोन भाग केले, एक भाग डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण) आणि हायपो (चित्र पक्के करणारे द्रावण) या दोन्हींतून काढला आणि दुसरा फक्त हायपोतून. दुसरा भाग नितळ होतो, आणि पहिला त्याच्या शेजारी धरला की फिल्मने अंगावर किती काजळी धरली आहे ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. बळदातल्या रोलचा तुकडा पातळ चहाच्या रंगाइतका करडा झाला होता आणि त्यातून वर्तमानपत्र सहज वाचता येत होते. माळ्यावरच्या तुकड्यातून फक्त मथळे वाचता आले. या चाचणीला दहा मिनिटे लागतात, आणि ती न करता सहलीला रोल घेऊन जाणाऱ्याची मला कीव येते.

त्यानंतर लातूरच्या गंजगोलाई बाजारात भर दुपारी एकेका रोलवर त्याच दोन दृश्यांचे १२५, ६४, ३२, १६, ८ आणि ४ एएसए धरून फोटो काढले. बळदातल्या रोलने ५० एएसएच्या आसपास सर्वांत चांगले काम दिले, म्हणजे तीस वर्षांत त्याने जेमतेम सव्वा स्टॉप गमावला होता. माळ्यावरच्या रोलवर ६४ पर्यंत सावलीतल्या दुकानांचे नुसते काळे भगदाड दिसत होते, आणि एफ ५.६, १/६० इतका प्रकाश दिल्यावर कुठे कापडाच्या दुकानातले तागे ओळखू येऊ लागले. जास्त प्रकाश द्यायचा तो याचसाठी: फॉग सावलीचा तपशील गिळतो, आणि तो तपशील फॉगच्या वर उचलून धरण्याचा दुसरा मार्ग नाही.

धुण्यासाठी मी डी-७६ हा डेव्हलपर घरी तयार केला. एक लिटरला दोन ग्रॅम मेटॉल, शंभर ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, पाच ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि दोन ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, असे त्याचे प्रमाण असते, आणि शाळांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात हे सगळे मिळते. त्यात बेंझोट्रायाझोलच्या एक टक्का द्रावणाचे दहा मिलिलिटर घातले. हे रसायन फॉग दाबते, पण त्याबरोबर वेगही थोडा खाते, म्हणून पुढच्या रोलला आणखी अर्धा स्टॉप द्यावा लागला. पातळ डेव्हलपरमध्ये रोल तासभर न हलवता ठेवण्याची पद्धत अनेकांना आवडते. मी ती माळ्यावरच्या एका रोलवर करून पाहिली, आणि तासाभरात चित्राआधी फॉगच पिकून वर आला. जुन्या फिल्मला कमी वेळ आणि जोमदार डेव्हलपरच मानवतो.

खरी परीक्षा पाण्याची होती. पुस्तकात २० अंश लिहिलेले असते, आणि आमच्या टाकीचे पाणी एप्रिलमध्येच ३५ अंशांवर जाते. माठाचे पाणी आणि पिशवीत बांधलेला बर्फ वापरून मी सगळी द्रावणे २४ अंशांवर आणली आणि वेळ साडेसहा मिनिटांवर ठेवली. पहिल्या रोलच्या वेळी शेवटची धुलाई आळसाने थेट नळाखाली केली, तेव्हा माळ्यावरच्या फिल्मच्या कडेचा थर सायीसारखा सुटून सुरकुतला आणि दोन फोटो हातचे गेले. पुढच्या खेपेपासून हायपोच्या द्रावणात सल्फाइट आणि ॲसेटिक ॲसिडबरोबर पोटॅश ॲलम, म्हणजे साधी तुरटी घातली. त्यामुळे थर घट्ट होतो. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वाळलेल्या निगेटिव्हवर राहतात, म्हणून अखेरची बुडी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरची दिली.

धुण्याच्या डब्यातल्या रिळावर फिल्म चढवण्याचे, म्हणजे रीळ भरण्याचे कामही सोपे नाही. इतकी वर्षे गुंडाळून राहिलेली फिल्म अंधारात मोकळी केली की स्प्रिंगसारखी मनगटाभोवती वेढा घालते. जुन्या कागदाचा कोंदट वास येतो, बोटांना घाम असतो आणि प्लास्टिकचे रीळ तिसऱ्या वेढ्यालाच अडते. फिल्म कागदाला जिथे चिकटवलेली असते तिथली पट्टी झटक्याने ओढली तर अंधारात निळसर ठिणगीची रेघ चमकते. ती पाहायला गंमत वाटली तरी पट्टी सावकाशच सोडवावी. माळ्यावरच्या रोलमध्ये काही ठिकाणी कागद थराला चिकटला होता, आणि कागदाच्या पाठीवर छापलेले आकडे फिल्मवर उमटले होते. एका फोटोत गोलाईच्या आकाशात ढगाच्या जागी ‘७’ स्पष्ट दिसतो. दोष कारखान्याचा मुळीच नाही, उकाड्याचा आहे.

बळदातल्या रोलला मी पाचपैकी चार गुण देतो. कण थोडे जाड आहेत, पण खरोसा लेण्यांच्या खांबांवरचे छिन्नीचे घाव, औसा किल्ल्याच्या तटावर उगवलेले गवत, चुलीपुढे बसलेल्या आजींच्या हातावरचे गोंदण हे सारे मऊ करड्या छटांत उतरले आहे, आणि कोणी न सांगता ही फिल्म १९९४ ची आहे असे ओळखणे अवघड आहे. माळ्यावरच्या रोलला एक गुण, तोही सराव झाला म्हणून. बारातला एक चाचणीत गेला आणि दोन मी नवशिक्या मित्राला रीळ भरण्याच्या सरावासाठी दिले. तेवढाच काय तो त्यांचा उपयोग.

स्टुडिओवाल्यांनी वर भेट म्हणून दोन रंगीत रोलही दिले होते. रंगीत फिल्ममध्ये तीन थर असतात, ते वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात, आणि धुण्याचे तापमान ३८ अंशांवर काटेकोर ठेवावे लागते. मी ते बाहेरगावच्या एका लॅबकडे कुरिअरने पाठवले, आणि परत आले ते जांभळट चिखलात बुडालेले चोवीस फोटो. पैसे देऊन असे रोल घेऊ नयेत. कोडाक्रोम हा कोडॅकचा जुना रंगीत रोल दिसला तर तो कपाटात शोभेलाच ठेवावा. त्याचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि तो धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे बंद केले.

घेणाऱ्याने आणखी एवढे पाहावे की, एएसए जितका कमी तितकी फिल्म जास्त टिकते, म्हणून ४०० च्या शिळ्या रोलपेक्षा १०० किंवा १२५ चा रोल घ्यावा. सगळी ठेव उचलण्याआधी एकच रोल घेऊन फॉगची चाचणी करावी, आणि विकणारा एक सुटा रोल द्यायला तयार नसेल तर पुढे बोलू नये. लग्न, बारसे किंवा पुन्हा न घडणारा कोणताही प्रसंग या फिल्मवर काढू नये, हे मी दुसऱ्याच्या नव्हे, माझ्याच पुतणीच्या साखरपुड्याच्या अनुभवावरून लिहितो.

औसा तालुक्यातील त्या गृहस्थांकडे अजून दोनेक डझन रोल आहेत. निगेटिव्ह दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली, कडेचा करडेपणा नखाने दाखवला, भाव दोनशे केला आणि एका वेळी पाचांपेक्षा जास्त देणार नाही असे सांगितले. मी पाच घेतले.