मैफल की विद्यापीठ? बेळगावच्या तरुण गायकांसाठी

एम. म्युझिक करून धारवाडहून किंवा कोल्हापूरहून परतलेली मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात. घरून एकच प्रश्न घेऊन आलेली असतात: "गाणं चांगलं आहे की, पण पगार कुठनं येणार?" मी आधी बारा वर्षं फक्त कार्यक्रमांवर काढली, आणि आता जवळपास तितकीच वर्षं महाविद्यालयात शिकवतोय. दोन्हीकडचं सुख आणि झीज मला माहीत आहे, म्हणून हे मांडतोय.

आधी ऑपेराचं सांगतो, कारण हल्लीची मुलं इंटरनेटवर तिकडच्या गायकांच्या मुलाखती ऐकून येतात आणि तोच नकाशा इथे लावू बघतात. तिकडे साधारणपणे रंगमंच आधी आणि वर्ग नंतर. लोटे लेमान ही जर्मन सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी ऑपेरा-गायिका) १९५१ साली गाण्यातून निवृत्त झाली, तेव्हा तिची साठी उलटली होती. पुढे तिने कॅलिफोर्नियात सांता बार्बराला शिकवलं. ऑपेरात माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, भूमिकाही बऱ्याचशा वयाशी बांधलेल्या. एक दिवस भूमिकाच गायकाला सोडून जातात, आणि तेव्हा विद्यापीठ हा त्या आयुष्याचा स्वाभाविक दुसरा अंक ठरतो.

आपल्या ख्यालात, म्हणजे हिंदुस्थानी शास्त्रीय गायनात, असं होत नाही. ख्यालगायिका गंगूबाई हनगल २००६ पर्यंत, म्हणजे नव्वदी ओलांडल्यावरही, मैफलीत बसल्या. धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचं नाव देशभर गाजलं ते साठीच्या आसपास आणि त्यानंतर. आपलं गाणं पन्नाशीनंतर पिकतं, आणि नोकरीचा दरवाजा मात्र तिशीच्या आत-बाहेर उघडतो. क्रम उलटा आहे. खरा प्रश्न त्यामुळे असा: नोकरीची पंचवीस वर्षं काढून तुमचा आवाज पन्नाशीपर्यंत शाबूत पोचेल का? आणि नोकरी घेतली नाही, तर तोवर घर चालेल का?

पैशाचं पटकन सांगून टाकतो. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) वेतनश्रेणीतल्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार महिना ५७,७०० रुपये, वर भत्ते. कार्यक्रमाचं मानधन असं सांगता येत नाही. जे पाकीट मिळतं त्यातून तबला, पेटी, गाडीभाडं जातं. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग फेब्रुवारीपर्यंत हंगाम. पावसाळ्यात आषाढी आणि गुरुपौर्णिमा सोडली तर तंबोरा गवसणीतच. आर्ट्स सर्कलसारख्या संस्थांमुळे बेळगावला जाणता श्रोता आहे, हे आपलं भाग्य. पण एकट्या बेळगावावर गायकाचं वर्ष निघत नाही. धारवाड, मिरज, कोल्हापूर, गोवा धरूनच हिशेब करावा लागतो.

इथे सीमेवर असण्याचा फायदाही आहे, आणि मराठी मुलं तो वाया घालवतात. भीमसेन जोशींनी अभंगही घराघरांत पोचवले आणि दासरपदं, म्हणजे कन्नड हरिदासांची भक्तिपदंही. मला पहिली पाच वर्षं तारली ती कन्नड वचनांनी, म्हणजे बसवेश्वरादी शरणांच्या रचनांनी. निपाणीला अभंग, बैलहोंगलला वचन, आणि दोन्हीकडे आधी तासभर ख्याल. कन्नड उच्चार शुद्ध हवेत, एवढीच अट. नोकरीतही कन्नड लागतंच: धारवाडकडे संगीतशास्त्राचा तास कन्नडमध्ये चालतो, आणि विद्यार्थ्याची शंका त्याच्याच भाषेत सोडवावी लागते.

पात्रतेबद्दल एक गोष्ट फार कमी मुलांना ठाऊक असते. सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. कर्नाटकची सेट घेऊन शिवाजी विद्यापीठात अर्ज करता येत नाही, आणि महाराष्ट्राची घेऊन धारवाडला नाही. आपल्यासारख्यांनी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाच द्यावी, ती दोन्हीकडे चालते. त्यातल्या जेआरएफ या संशोधन-शिष्यवृत्तीला वयाची मर्यादा आहे, तेव्हा एम. म्युझिक करतानाच तयारी सुरू करा. दुसरी वाट यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत आहे: विषयातली पदवी, नामवंत गुरूंकडे तालीम आणि आकाशवाणी किंवा दूरदर्शनच्या ऑडिशनमधून मिळणारी 'ए' श्रेणी असलेला कलाकारही सहायक प्राध्यापक होऊ शकतो, फक्त विषय तर्काने उलगडून सांगता आला पाहिजे. मन्सूर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुख होते, गंगूबाई तिथल्या मानद प्राध्यापक. धारवाडने मैफलीतल्या माणसांना वर्गात आणलं, ती परंपराच आहे. म्हणून रेडिओची ऑडिशन टाळू नका. 'बी' मिळाली तरी घ्या आणि पुढची श्रेणी मागत राहा.

आता आवाज. यावर सगळ्यात जास्त विचार करा, कारण घरचे याबद्दल कधीच विचारत नाहीत. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. सोळा तास ऐकायला थोडे वाटतात. पण पाश्चात्त्य संगीत विद्यालयांत गळ्याचा तास एका विद्यार्थ्याचा असतो, आपल्याकडे समोर पंधरा-वीस जण. माझी पट्टी, म्हणजे ज्या स्वराला सा धरून मी गातो तो, पेटीची काळी एक. वर्गातल्या मुलींची बरीच वरची, काळी चार-पाच. दिवसभर त्यांच्या पट्टीत गाण्यातल्या जागा गाऊन दाखवत राहिलं की एकतर खालच्या सप्तकात कुजबुजावं लागतं, नाहीतर वर ताणावं लागतं. तिसऱ्या वर्षी माझा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, खरखरू लागला. डॉक्टरांनी महिनाभर गप्प बसायला सांगितलं, आणि तेव्हा मला एकोणिसाव्या शतकातला गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया आठवला. तरुणपणी ऑपेरा सोडून शिकवण्याकडे वळलेला हा माणूस. १८४१ मध्ये थकलेला आवाज घेऊन आलेल्या स्वीडिश गायिका येनी लिंडला त्याने आधी विश्रांतीच घ्यायला लावली. १८५४ मध्ये आरसा वापरून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहणारा तो हाच. शिकवणं म्हणजे हरलेल्या गायकाचं काम, असं म्हणणाऱ्याला मी गार्सियाचंच नाव सांगतो. त्या महिन्यानंतर मी मुलींच्या तासाला पेटीवर शिकवतो आणि वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला गायला लावतो. ती शिकते, माझा गळा वाचतो.

माझा कौल असा. शिकवताना ज्याला आनंद होतो, विद्यार्थ्याची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) नीट लागली की ज्याचा दिवस चांगला जातो, त्याने पूर्णवेळ नोकरी जरूर घ्यावी. मुलींना मी जास्त आग्रहाने सांगतो, कारण स्वतःचा पगार असला की घरात पहाटेचा रियाज हक्काने मागता येतो. पण 'तात्पुरतं' म्हणून गेस्ट लेक्चरर होऊ नका. मी एका महाविद्यालयात चार वर्षं तसा होतो. सुट्ट्यांचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ठाऊक नाही, आणि हंगामातल्या तारखा मात्र त्यांच्या वेळापत्रकासाठी सोडायच्या. त्यापेक्षा शहापुरात किंवा टिळकवाडीत स्वतःचा वर्ग काढून गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुलं बसवणं बरं; वेळ तरी आपल्या हातात राहते.

तरीही ठरत नसेल, तर ओळखीच्या शिक्षकांचे तास महिनाभर मागून घ्या, रोज तीन. सोमवारी सकाळी, वर्गाला जाण्याआधी, तंबोरा लावून तार षड्जावर थांबा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. शुक्रवारी शेवटचा तास संपल्यावर त्याच पट्टीत पुन्हा तेच. चारही आठवड्यांची रेकॉर्डिंग घेऊन आपल्या गुरुजींकडे जा आणि ती त्यांच्यासमोर बसून ऐका.