रेनीरा न बोलता सगळं सांगून गेली, हेलेनाला मात्र बोलूच दिलं नाही: हाउस ऑफ द ड्रॅगन सीझन २, पहिला एपिसोड

आधीच सांगते, खाली सगळं उघड लिहिलंय, स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, त्यामुळे ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी एपिसोड बघा आणि मग वाचा.

आज १७ जून २०२४, बकरी ईदची सुट्टी, म्हणून पहिल्यांदाच हा शो सकाळी साडेसहाला, आला त्या मिनिटाला, घरच्या टीव्हीवर आणि पूर्ण बघता आला. पहिल्या सीझनला दर सोमवारी माझी धावपळ असायची, अर्धा एपिसोड घरी डबा भरता भरता आणि उरलेला विक्रोळीहून सीएसएमटीच्या लोकलमध्ये फोनवर, तेही बसायला मिळालं तर. त्या सीझनचा शेवटचा एपिसोड २४ ऑक्टोबर २०२२ ला आला होता, नरक चतुर्दशीची पहाट, बाहेर फटाके चालू, मी अभ्यंगस्नान करून ओल्या केसांनीच बसले होते आणि स्क्रीनवर व्हेगार नावाच्या अवाढव्य ड्रॅगनने लूकला त्याच्या छोट्या ड्रॅगनसकट, अरॅक्ससकट, ढगातच फाडलं. त्या दिवशी चकली हातात तशीच राहिली होती माझ्या. तेव्हापासून जवळजवळ वीस महिने थांबलेय मी, म्हणजे आज किती अपेक्षा घेऊन बसले असेन ते समजून घ्या.

एपिसोड चांगला आहे. काही ठिकाणी तर खूपच चांगला आहे. पण जिथे सगळ्यात चांगला व्हायला हवा होता नेमकं तिथेच त्यांनी कच खाल्ली, आणि सकाळपासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

ज्यांना शो माहीत नाही पण तरी वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात: गेम ऑफ थ्रोन्सच्या पावणेदोनशे-एक वर्षं आधीची गोष्ट, टारगेरियन घराणं, ज्यांच्याकडे ड्रॅगन आहेत. राजाने गादी मुलीला द्यायची ठरवलं, रेनीराला, आणि तो गेल्यावर दुसऱ्या बायकोने, ॲलिसेंटने, आपल्या मुलाला एगॉनला गादीवर बसवलं. हेलेना म्हणजे ॲलिसेंटची मुलगी, आणि एगॉनची बहीणही आणि बायकोही. भाऊबंदकी, दुसरा शब्दच नाही. रेनीराचे ते काळे, ॲलिसेंटचे ते हिरवे. आणि लूक म्हणजे रेनीराचा दुसरा लेक, त्याला त्याच्याच मामाच्या, एगॉनचा भाऊ एमंडच्या, ड्रॅगनने मारलं. इथून हा सीझन सुरू होतो.

सुरुवात मला प्रचंड आवडली. डायरेक्ट उत्तरेत, बर्फ, विंटरफेल, आणि रेनीराचा मोठा मुलगा जेस उत्तरेचा सरदार क्रेगन स्टार्कबरोबर भिंतीवर उभा आहे. क्रेगन विचारतो की माझ्या पूर्वजांनी ही ७०० फुटांची भिंत काय नुसती थंडी आणि रानटी लोक अडवायला बांधली का, जेस म्हणतो मग काय अडवते ही, आणि उत्तर एका शब्दाचं, मृत्यू. २०१९ ला गेम ऑफ थ्रोन्सच्या शेवटच्या सीझनने मला जे दुखावलं होतं ना, त्यानंतर या भिंतीकडे बघून पुन्हा काही वाटेल असं मला वाटलंच नव्हतं, पण वाटलं. टायटल्सपण बदललीत, पहिल्या सीझनला दगडी शहराच्या प्रतिकृतीवरून रक्त वाहायचं, आता कापडावर विणलेला इतिहास आहे, एकेक प्रसंग टाक्याटाक्याने उमटत जातो, आणि रमिन जवादीची तीच ट्यून. स्किप करू नका, सावकाश बघा.

आता रेनीरा. एमा डार्सी यांना पूर्ण एपिसोडमध्ये एक वाक्य आहे. एकच. बाकी वेळ त्या फक्त लेकाला शोधतायत, ड्रॅगनवरून समुद्रावर घिरट्या, मग किनारा, कोळ्यांच्या जाळ्याजवळ जाऊन वाळूत गुडघे टेकून बसतात, अरॅक्सचा पंख आणि मुलाचा अंगरखा हाती लागतो. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. आईला यातलं एक नाव माहीत नाही, इंग्लिश एवढं भरभर कळतही नाही, पण ती कप हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगा गेला का गं तिचा?" एक शब्द बोललं नव्हतं कोणी स्क्रीनवर! मला सांगा, अजून काय पाहिजे अभिनयाकडून. मग आई बसलीच, शेवटपर्यंत बसली.

त्यानंतर जेस परत येतो आणि आईसमोर एखादा सरदार देईल तसा रिपोर्ट द्यायला लागतो, कोणी काय कबूल केलं, कोणी सैन्य देतंय, आणि बोलता बोलता आवाज फाटतो त्याचा, वाक्य पुरं होत नाही, आणि मग ती त्याला कुशीत घेते. हॅरी कॉलेटने इतकं छान केलंय. कामाचं बोलत राहिलं की रडू येणार नाही असं मोठ्या मुलांना वाटतं ना, अगदी तसं. आणि रेनीराचं ते एकमेव वाक्य, मला एमंड टारगेरियन पाहिजे, हे ती दरबारात येऊन शांतपणे म्हणते, आरडाओरडा नाही. अंगावर काटा आला.

हिरव्यांच्या बाजूलापण काम झालंय. पहिल्या सीझनला एगॉनला बघून फक्त चीड यायची, इथे टॉम ग्लिन-कार्नीने त्याला माणूस केलाय, आपल्या आणि हेलेनाच्या छोट्या मुलाला, जेहेरिसला, घेऊन राजमंडळाच्या बैठकीत येतो, पोरगं मोठमोठ्या मंत्र्यांना सतावतं आणि बापाला त्याचं कौतुक. गाऱ्हाणी ऐकायला बसतो तेव्हा मेंढपाळाला लगेच मेंढ्या परत द्यायला निघतो, कारण त्याला आपलं चांगलं म्हणवून घ्यायचंय, आणि आजोबा ऑटो कानाशी लागून त्याला मागे खेचतात. सगळं हे शेवटी जे होणार त्याची तयारी आहे, त्या मुलावर आपला जीव बसावा म्हणून, आणि बसतो. मिसारिया, कॉर्लिस वगैरे बाकीच्या पात्रांचे सीन मात्र हजेरी लावून गेल्यासारखे, पुढे कामाला येतील म्हणून ठेवलेत एवढंच.

मग येतो डेमन, रेनीराचा नवरा. मॅट स्मिथला काही करायला दिलं की तो करतोच, त्यात प्रश्न नाही. तो गुपचूप किंग्स लँडिंगला, म्हणजे हिरव्यांच्या ताब्यातल्या राजधानीत, जातो आणि दोन माणसं ठरवतो, एक शहराचा शिपाई आणि एक राजवाड्यात उंदीर मारणारा, काम एमंडला मारायचं. ते विचारतात, तो नाही सापडला तर? आणि डेमन नुसता बघतो, आणि तिथेच सीन कापला. उत्तर आपल्याला ऐकवलंच नाही.

हे बघताना मला शनिवारवाडाच आठवला. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे, मागे लागलेले गारदी, "काका मला वाचवा", आणि ते चिठ्ठीतलं "धरावे" चं "मारावे" कोणी केलं, आनंदीबाईंनी केलं असं आपण शाळेपासून ऐकत आलोय, पण राघोबादादांना नक्की काय ठाऊक होतं यावर अजून लोक हिरीरीने भांडतात. ध चा मा आपल्या भाषेतच जाऊन बसलाय. त्यामुळे डेमनचं उत्तर न ऐकवणं मला अजिबात खटकलं नाही, उलट बरोबर वाटलं. असा हुकूम देणारा माणूस नंतर कधीच पूर्ण खरं सांगत नाही, आणि मारेकऱ्यांनी काय ऐकलं ते मारेकऱ्यांनाच माहीत. इथपर्यंत मी पूर्ण शोच्या बाजूने होते.

पण पुढची दहा मिनिटं.

मूळ पुस्तक फायर अँड ब्लड, जॉर्ज मार्टिन यांचं, २०१८ चं, ते कादंबरीसारखं लिहिलेलंच नाही, आपल्या बखरीसारखं आहे. कोणी धर्मगुरू एक सांगतो, दरबारातला विदूषक तिसरंच सांगतो, आणि लिहिणारा म्हणतो खरं काय ते तुम्ही ठरवा. म्हणून शोने काही बदललं की मी लगेच चिडत नाही, बखरीत बदलायला जागा असतेच. पण हा एक प्रसंग पुस्तकात ज्याने वाचलाय तो विसरत नाही. ॲलिसेंटला बांधून ठेवलेलं, हेलेना आपल्या मुलांना आजीकडे झोपायच्या आधी घेऊन येते, तीन मुलं, जुळे आणि सगळ्यात छोटा मेलर, आणि ते दोघं मारेकरी तिला सांगतात की एक मुलगा निवड. ती म्हणते मला मारा. नाही चालत. शेवटी ती धाकट्याचं नाव घेते, कारण तो इतका लहान आहे की त्याला कळणार नाही असं तिला वाटत असावं, आणि मारतात ते मोठ्याला, आणि धाकट्याला सांगतात, ऐकलंस ना, तुझ्या आईला तू मेलेला हवा होतास. त्यानंतर ती बाई त्या पोराच्या तोंडाकडे बघू शकत नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

शोमध्ये मेलर नाहीच. जुळे आहेत फक्त. मारेकरी खोलीत येतात, एमंड सापडलेला नाही, हेलेना समोर, ते विचारतात यातला मुलगा कोणता, ती गळ्यातला हार काढून देऊ बघते, ते ऐकत नाहीत, ती बोट दाखवते. संपलं. निवड वगैरे काही उरलीच नाही. मग ते पलंगाकडे वळतात, आपल्याला काही दाखवत नाहीत, फक्त कापल्याचा आवाज, आणि हे न दाखवणं मला एकदम पटलं, लहान मुलाचा खून दाखवायची काही गरज नाही, त्या आवाजानेच पोटात गोळा आला. हेलेना मुलीला उचलते आणि निघते, कॅमेरा तिच्याबरोबर.

आईने विचारलं, "ही ओरडत का नाही?"

मी तेव्हा पटकन म्हणाले की धक्का बसलाय तिला. आणि ते खरंही आहे, हेलेना पहिल्यापासून तशीच दाखवलीय, आपल्याच जगात, किडे गोळा करणारी, पुढचं आधीच दिसणारी. पहिल्या सीझनला ती म्हणाली होती फळ्यांखालच्या जनावरापासून सांभाळा, या एपिसोडमध्येपण एगॉनला सांगते की मला ड्रॅगनची नाही, उंदरांची भीती वाटते, आणि कोणी लक्ष देत नाही. फिया सबानचा चेहरा त्या सीनला जबरदस्त आहे, तिची काहीच चूक नाही, ती किंचाळली नाही म्हणून माझी तक्रार नाहीये. तक्रार अशी की शोला तिच्याजवळ थांबायचंच नव्हतं. रेनीराला आख्खा एपिसोड दिला, समुद्र दिला, वाळू दिली, मुलाच्या कपड्यांची चिता दिली, आपल्याला तिच्या दुःखात बसू दिलं. हेलेनाला काय दिलं, एक जिना. ती जिना उतरून आईच्या खोलीत जाते आणि तिथे ॲलिसेंट आणि क्रिस्टन कोल अंथरुणात. म्हणजे ज्या क्षणी मी त्या मुलासाठी रडायला पाहिजे त्या क्षणी माझं डोकं भलतीकडे नेलं, अरे हे दोघं कधीपासून, आणि राजरक्षकांचा प्रमुख इथे आहे म्हणून वर पहारा नव्हता होय. हेलेना सांगते की त्यांनी मुलाला मारलं, आणि पडदा काळा. एका आईचं सगळ्यात मोठं दुःख दुसऱ्या कोणाचं लफडं उघडं पाडायला वापरल्यासारखं झालं. मला खरंच वाईट वाटलं.

आणि तो पहारा! गादीच्या वारसाच्या खोलीबाहेर एक शिपाई नाही? दोन अनोळखी माणसं दिवा घेऊन दरबाराच्या दालनातून चालत जातात, एक तर कुत्रा घेऊन आलेला. लढाई तोंडावर आलीय, एमंडने नुकताच रेनीराचा मुलगा मारलाय, बदला येणार हे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही कळलं असतं. कोल कुठे होता ते दाखवून एकाचं उत्तर मिळालं, पण बाकीचे कुठे होते?

काही मैत्रिणी सकाळपासून ग्रुपवर म्हणतायत की बजेट, वेळ, लहान मुलांकडून काम करून घेणं किती अवघड, तीन तीन मुलं कशी सांभाळणार सेटवर. असेल. मला ते कळतं. पण निवड ठेवायला तिसरं मूल लागतंच असं नाही, जुळ्यांमध्येच विचारता आलं असतं, तिला एक मिनिट जास्त देता आलं असतं, ती खोटं बोलायचा प्रयत्न करते, ते ओळखतात, काहीही. एक मिनिट हो. शोचा कर्ताधर्ता रायन कोंडलने स्वतः लिहिलाय हा एपिसोड, ज्याने रेनीराचं ते वाळूतलं दुःख लिहिलं त्याला हे जमलं नसतं असं मी मानायला तयार नाही.

तरी मी दहापैकी सात देईन, आणि ते सात मनापासून. रेनीरा, जेस, भिंत, एगॉन यांच्यासाठी. ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांना कदाचित नऊ वाटेल, माझ्या आईला विचाराल तर तिला शेवटचा भाग कळलाच नाही, "एवढं झालं आणि लगेच संपवलं?" म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. बघायचा असेल तर पडदे ओढून बघा, राजवाड्यातला सगळा भाग इतका काळोखा आहे की दिवसाउजेडी खिडकी उघडी ठेवून अर्धं दिसणार नाही, आणि तो आवाज हेडफोनवर ऐका, पण जेवताना नको. घरात लहान मुलं असतील तर अजिबात लावू नका.

यंदा दहा नाही, आठच एपिसोड आहेत, त्यातला एक गेला. पुढच्या सोमवारी ऑफिस आहे, म्हणजे पुन्हा अर्धा घरी आणि अर्धा लोकलमध्ये. एमंड, डेमन, युद्ध, ड्रॅगन, हे सगळं येईल तेव्हा येईल, मला पहिल्या पाच मिनिटांत फक्त हेलेना दिसायला हवी. कोणीतरी तिच्याजवळ बसलेलं हवं, आणि ती बोलली तर तिचं बोलणं या वेळी कोणीतरी ऐकायला हवं.